शिकारी बांधणीची स्वस्त एअर रायफल आणि चौदा वर्षांची नेमबाज: दस्ता आणि ट्रिगर सुधारण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. माणसांची, गावाची आणि बंदुकीच्या कंपनीची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. शाळेच्या मागच्या गोदामात दहा मीटरची रेंज चालवताना मी या कामात सुरुवातीपासून होतो. जे मोजलं तेच आकडे खाली दिले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी आठवीत, वय चौदा, उंची बेताची. वडिलांची पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. शालेय नेमबाजीत पीप साईट (बारीक भोकातून पाहून नेम धरायची) आणि ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम धरायची) असे एअर रायफलचे वेगळे प्रकार असतात. पीप साईटची चांगली मॅच रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, त्यामुळे आमच्याकडची बहुतेक मुलं ओपन साईटपासून सुरुवात करतात. तिच्या वडिलांनीही तेच केलं. शहरात जाऊन, ओळखपत्र देऊन, स्वतःच्या नावावर ४.५ मिलिमीटरची स्प्रिंगवाली देशी रायफल आणली. किंमत दहा हजारांच्या आत.

अडचणीचं मूळ या खरेदीतच होतं. या किमतीतल्या रायफली शिकारी बांधणीच्या असतात: मोठ्या माणसाच्या मापाचा लांब दस्ता (खांद्याला लावायचा आणि हातात धरायचा लाकडी भाग), खाली उतरती पाठ, बारीक पुढचा भाग, आणि गिऱ्हाइकाला ‘पॉवर’ वाटावी म्हणून कडक स्प्रिंग. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला वाव नाही, पण बंदुकीची बांधणी अजून त्याच वळणाची राहिली आहे. झुडपात चालता चालता पटकन खांद्याला लावायची वस्तू आणि एका जागी उभं राहून कागदावर शांतपणे नेम धरायची वस्तू, यांच्या गरजा निराळ्या. मुलगी दुसरं काम करत होती आणि हातात पहिली वस्तू होती.

कायद्याबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने गेला तरी ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपासच भरते. त्यामुळे दस्ता बदलणं किंवा ट्रिगर साफ करणं यात अडचण नाही; ताकद वाढवायला मात्र हात लावायचा नाही. आणि घरात परवान्याची .३१५ रायफल असेल, तर यातलं काहीही तिच्यावर घरी करून पाहू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार परवानाधारक कारागिरानेच करायचे असतात.

अडचण

वडील पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: “सर, पोरीचा नेम चांगलाय हो, पण बंदूकच लई जड चालती.” दहा छर्ऱ्यांच्या फेरीत ती शंभरपैकी साठ ते सत्तरमध्ये अडकली होती. छर्रे बहुतेक खाली आणि उजवीकडे जात, पण अधूनमधून एखादा भलतीकडेच.

बंदूक दोषी की मुलगी, हे आधी ठरवायला हवं होतं. मी बसून, पुढचा भाग तळहातावर अलगद ठेवून दहा छर्रे मारले. स्प्रिंग रायफल टणक टेकूवर ठेवली की उसळते आणि ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, फुटतो, म्हणून टेकू हाताचाच. ग्रुप साधारण दीड सेंटिमीटरचा आला. या किमतीच्या नळीकडून याहून जास्त मागणं बरोबर नाही. मुलीचा उभ्याने ग्रुप सहा-सात सेंटिमीटरचा होता. म्हणजे नळी ठीक, छर्रेही चालण्यासारखे, आणि बाकीचं अंतर बंदूक आणि शरीर यांच्या जोडणीत हरवत होतं.

मग मोजमाप. सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने ट्रिगर ओढून पाहिला, तर कधी ३.२ किलो, कधी ३.९. रायफलचं स्वतःचं वजन ३.१ किलो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं उलगडतं. बंदुकीच्या वजनापेक्षा जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि त्या जोराने बंदूक हलू द्यायची नाही, हे मोठ्या माणसालाही जमत नाही. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे ट्रिगरचा जोर दर वेळी वेगळा होता. ओढताना मध्येच अडकायचा, पुन्हा सुटायचा. गोळी कधी सुटेल याचा अंदाज नसला की हात आधीच आखडतो. भलतीकडे जाणाऱ्या छर्ऱ्यांचं मोठं कारण हेच होतं.

दस्त्याची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंत, ३६ सेंटिमीटर. तिच्या हाताला ३२-३३ पुरली असती. लांब दस्त्यामुळे ती कमरेतून मागे वाकायची, मान पुढे ताणायची, आणि बोटाचं पेर ट्रिगरवर पोचावं म्हणून मनगट फिरवायची. खाली-उजवीकडचे छर्रे तिथून येत होते.

आणि एक बारीक गोष्ट. दस्ता नळीला धरून ठेवणाऱ्या तीन स्क्रूंपैकी दोन ढिले होते. स्प्रिंग रायफलला आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका बसतो. नुसत्या लाकडावर आवळलेला स्क्रू त्याने लाकूड चेपत जातो आणि आपोआप सैल होतो.

समोरचे पर्याय

वडिलांच्या भाच्याचं गॅरेज आहे. त्याने सांगितलं होतं, “मामा, आणा इकडं, कानस मारून दोन मिनिटांत मऊ करून देतो.” हा पर्याय सगळ्यात स्वस्त होता आणि सगळ्यात घातक. अशा साध्या ट्रिगरमध्ये पिस्टनची खाच एका छोट्या अडणीवर अडकलेली असते आणि ताणलेल्या स्प्रिंगचा सगळा दाब त्या अडणीवर असतो. कानशीने अडकण कमी केली की ट्रिगर खरंच हलका होतो, पण पोलादाची कडक केलेली वरची कातडी निघून जाते. खालचं मऊ लोखंड झिजत राहतं. मग एक दिवस नळी बंद करतानाच, किंवा दस्त्याला नुसता धक्का लागला तरी बार सुटतो. नळी मोडून, म्हणजे सांध्यात खाली वाकवून, ताणायच्या रायफलीत अडण निसटली तर उघडी नळी वर झपाट्याने मिटते आणि बोटं सापडतात. शेजारी दुसरी मुलं उभी असतात ती वेगळीच. भाच्याला मी हे बंदूक उघडून, जागा दाखवून समजावलं. तो समजूतदार निघाला. पुढे दस्त्याच्या स्क्रूंसाठीच्या बुशा, म्हणजे भोकात बसवायच्या पितळी नळ्या, त्याच्याच ओळखीच्या लेथवर झाल्या.

दुसरा पर्याय बाहेरून तयार टार्गेट दस्ता मागवायचा. चौकशी केली तर तो रायफलीपेक्षा महाग पडत होता, आणि आपल्या देशी मॉडेलला जसाच्या तसा बसेल याची खात्री कोणी देईना.

तिसरा, ही रायफल विकून थोडी बरी घ्यायची. वडील एकदा म्हणालेही, “शेळ्या विकू, पण चांगली घेऊ.” मी स्पष्ट नको म्हणालो. मुलगी वर्षभर टिकते की नाही हेच अजून ठरायचं होतं, आणि दहा-बारा हजार जास्त घालून मिळणारी रायफलही मोठ्या माणसाच्याच मापाची असणार होती.

चौथा, मूळ दस्त्याचं टोक कापून चालवून घ्यायचं. लांबीचा प्रश्न सुटला असता, पण दस्त्याच्या मनगटाची (ट्रिगरमागे मुठीत धरायच्या भागाची) जाडी आणि पुढचा बारीक भाग तसाच राहिला असता. उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं. मुलीचा हात आखूड असल्याने बंदूक डोळ्यापर्यंत यायला ट्रिगरच्या पुढचा भाग खालच्या बाजूला खोल लागतो. शिकारी दस्त्यात ते लाकूडच नसतं.

म्हणून पाचवा ठरला: गावातल्या सुताराकडून नवा दस्ता, आणि ट्रिगर जाणत्या कारागिराकडून. प्रश्न उरला क्रमाचा. जिल्हा पातळीची शालेय स्पर्धा दीड महिन्यावर होती. वडिलांना दोन्ही कामं आधी व्हायला हवी होती. माझं म्हणणं असं होतं की दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि स्पर्धेच्या तोंडावर ट्रिगर बदलला तर बोटाची सवय मोडते. शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “सर, मान लई दुखती. आधी तेवढं करा.” त्यावर कोणी वाद घातला नाही. दस्ता स्पर्धेआधी, ट्रिगर नंतर. स्पर्धेच्या आयोजकांना फोटो दाखवून, असा दस्ता चालेल ना, हे त्यांच्याकडून आधीच लिहून घेतलं.

काय केलं: दस्ता

लाकूड घरातूनच निघालं. चुलत्यांचं माळवदाचं घर पाडून स्लॅब टाकला होता आणि सागवानी तुळईचे तुकडे गोठ्यात पडून होते. छपराखाली पिढीभर वाळलेलं हे लाकूड नव्या सागापेक्षा कितीतरी बरं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि पावसाळ्यात हवा ओलसर होते. ओलं लाकूड त्यात वाकतं आणि नळीची बैठक हलते. खिळ्यांची भोकं चुकवून सुतार मिस्त्रींनी तुकडा निवडला आणि रंधा मारायच्या आधी तो उन्हात फिरवून लाकडाच्या रेषा बघितल्या. “मनगटाच्या जागी रेषा आडव्या गेल्या तर हितंच मोडल,” असं म्हणून त्यांनी पहिला तुकडा बाजूला ठेवला. त्यांचा सगळा जन्म तिफणी आणि औतांचे दांडे करण्यात गेला आहे. जोर कुठे येतो ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

माप घेताना आम्ही पुठ्ठ्याचा दस्ता कापला. मुलीला रेंजवर नेहमीसारखं उभं केलं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला. उघडल्याबरोबर मागची खाच आणि पुढची साईट एका रेषेत दिसली तर गाल बरोबर टेकला. नाही तर पुठ्ठा कमी-जास्त करायचा. दुर्बिणीच्या रायफलीचे फोटो पाहून लोक गालाची जागा उंच करतात. ओपन साईट नळीला चिकटून असते, त्यामुळे इथे उंच गाल अडचणच करतो. आमच्या पुठ्ठ्यावर मूळ दस्त्यापेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर वाढ निघाली.

लांबी ३२.५ सेंटिमीटर ठेवली. मुलगी वाढत्या वयाची, म्हणून टोकाला रबरी पट्टी आणि तिच्या आत ६ मिलिमीटरच्या तीन लाकडी चकत्या घालता येतील असे लांब स्क्रू. ट्रिगरच्या पुढे खालच्या बाजूला खोलगट पोट. मनगट बारीक आणि थोडं उभं, म्हणजे बोटाचं पहिलं पेर सरळ ट्रिगरवर येतं.

सगळ्यात जास्त वेळ आतल्या खोबणीला लागला. नळीचा सिलिंडर लाकडात सगळीकडे सारखा बसला पाहिजे. मिस्त्रींनी सिलिंडरला चुलीची काजळी लावून तो खोबणीत दाबला, जिथे काळा डाग उमटला तिथेच पटाशीने खरवडलं, पुन्हा दाबलं. डाग दोन्ही बाजूंनी सारखे उमटेपर्यंत हे चाललं. स्क्रूच्या भोकांत लेथवर कातलेल्या पितळी बुशा बसवल्या, त्यामुळे आवळताना दाब लाकडावर न येता पितळेवर येतो. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना निळं लॉकटाईट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद.

रंगकामावर थोडी ओढाताण झाली. वडिलांना फर्निचरसारखं चकचकीत पॉलिश हवं होतं. पत्र्याच्या गोदामात घाम आला की असा दस्ता हातातून सरकतो. शेवटी जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, पण बाजारात मिळणारं उकळलेलं तेल. घाण्याचं कच्चं तेल नीट वाळायला फार दिवस घेतं आणि तोवर कपड्याला लागतं. मनगट आणि पोट मुद्दाम खरखरीत ठेवलं.

स्पर्धेपर्यंतचा निकाल

नवा दस्ता बसल्यावर उभ्याचा ग्रुप चार सेंटिमीटरच्या आसपास आला आणि सरावातले गुण पंचाहत्तरच्या पुढे गेले. खाली-उजवीकडे जाणं जवळजवळ थांबलं. भलतीकडे जाणारा एखादा छर्रा मात्र तसाच राहिला, आणि दोन्ही कामं वेगवेगळी ठेवल्याचा फायदा इथे दिसला: तो दोष ट्रिगरचा होता हे आता अंदाजावर सोडावं लागलं नाही. जिल्हा स्पर्धेत तिची निवड थोड्या गुणांनी हुकली. वडील नाराज झाले, मुलगी फारशी नाही. मान दुखत नव्हती, ती तेवढ्यावर खूश होती.

काय केलं: ट्रिगर

स्पर्धेनंतर रायफल एअरगन दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे नेली. आतली मुख्य स्प्रिंग दाबाखाली बसवलेली असते. ती काढायला दाबयंत्र लागतं. घरी पिन ठोकून काढली तर मागचा भाग छातीवर उडतो. म्हणून पुढचं कुणी अंगणात बसून करू नये.

अडणीवर आणि खाचेवर कारखान्यातल्या ओरखड्यांचे उभे चरे होते. बोटाला लागणारी अडखळ त्यांचीच. कारागिराने काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, कोन न बदलता, फक्त चरे गुळगुळीत केले. अडकण किती खोल आहे ते आधी आणि नंतर मोजलं, फरक पडू दिला नाही. मग तिथे मोलिब्डेनमचं काळं वंगण. ट्रिगर परत आणणारी छोटी स्प्रिंग जरा हलकी घातली.

एवढ्याने ट्रिगर २.८ किलोवर आला. गुळगुळीत झाला, पण तिच्या बोटाला अजून जडच. इथे पुन्हा थांबून विचार करावा लागला. कारागीर म्हणाला, अडकण थोडी कमी करतो, जमेल. मी दुसरी वाट सुचवली: अडणीवरचा दाब येतो मुख्य स्प्रिंगमधून, तर ती स्प्रिंगच मऊ घालू. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला एवढी ताकद कशाला? महागड्या मॅच रायफलीसुद्धा सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपासच चालतात. मऊ स्प्रिंग घातली. वेग उतरला, झटका सौम्य झाला, आतली झणझण बरीच कमी झाली आणि नळी मोडून ताणायला मुलीला गुडघ्याचा आधार लागेनासा झाला. ट्रिगर १.९ ते २ किलोमध्ये, आणि काटा दर वेळी तेवढ्यातच थांबायला लागला.

वापरायला देण्याआधी चाचणी केली. रायफल ताणून, छर्रा भरून, नळी गोळीथांब्याकडे धरून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून दस्त्यावर तळहाताने सगळ्या बाजूंनी थापा मारल्या. नळी जोरात बंद करून पाहिली. बार सुटला नाही. हीच चाचणी आता दर महिन्याला होते, कारण हलका केलेला ट्रिगर कसा झिजतोय हे वेळीच कळलं पाहिजे.

निकाल

वेग बदलल्यामुळे साईट नव्याने लावावी लागली आणि छर्ऱ्यांचे तीन-चार प्रकार मारून पाहावे लागले. आधी चालणारा छर्रा मऊ स्प्रिंगला मानवेना. ते जुळल्यावर उभ्याचा ग्रुप अडीच-तीन सेंटिमीटरवर आणि सरावाचे गुण ऐंशीच्या पुढे स्थिरावले. पुढच्या हंगामात ती विभागीय फेरीपर्यंत गेली. एकूण खर्च मिस्त्रींची मजुरी, बुशा, स्प्रिंग आणि कारागिराचं काम धरून चार हजारांच्या आत राहिला. लाकूड घरचं होतं, बाहेरून घेतलं असतं तर हजारभर वाढले असते.

दस्त्यातली एक चकती आतापर्यंत वापरली गेली आहे. मनगटाच्या मागे, गाल टेकतो तिथे, पहिल्या उन्हाळ्यात केसासारखी चीर दिसली होती. वाढली नाही, पण मिस्त्री दर वेळी नखाने तपासतात.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, ढिले स्क्रू. घरच्यांनी माझ्याकडे येण्याआधी छर्रे बदलले, मागची साईट बदलली, भाच्याकडे चौकशी केली. स्क्रूला पाना कोणी लावला नाही. ते आधी आवळले असते तर सगळी अडचण गेली नसती, पण सुरुवातीची मोजमापं जास्त भरवशाची झाली असती. कोणत्याही स्प्रिंग रायफलीवर पैसा घालण्याआधी ही पाच मिनिटं द्यावीत.

दुसरी, मऊ स्प्रिंग आधीच घालायला हवी होती का, हा प्रश्न मला अजून सतावतो. ती दस्त्याच्याही आधी बसवली असती तर ट्रिगर, झटका आणि ताणण्याचे कष्ट एका खर्चात कमी झाले असते, आणि कदाचित जिल्हा स्पर्धेतले ते थोडे गुण मिळाले असते. याच्या विरोधात मुलीची मान आहे. चुकीच्या मापाच्या दस्त्यावर दीड महिना आणखी सराव केला असता तर कमरेतून वाकायची सवय पक्की झाली असती, आणि ती सोडवायला ट्रिगरपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. आज पुन्हा तीच परिस्थिती आली, तर वेळ मिळाला तर स्प्रिंग आणि दस्ता दोन्ही स्पर्धेआधी, महिनाभराच्या अंतराने. वेळ नसेल तर दस्ताच आधी.

तिसरी, उंच मुलांना हे सगळं लागत नाही. आमच्या रेंजवरच्या दहावीतल्या एका मुलाने हाच दस्ता पाहून तसाच हवा म्हणून हट्ट धरला. त्याला डोळे मिटून बंदूक लावायला सांगितली, तर मूळ दस्त्यावरच साईट रेषेत येत होती. त्याचे स्क्रू आवळले, बुशा बसवल्या आणि ट्रिगरचे चरे काढायला रायफल कारागिराकडे पाठवली.